लागलेली माया

१९५६ साली वसईजवळच्या भुईगावात सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. भुईगावच्या दगडावर थोडाच मजकूर शिल्लक आहे, पण तोच लेख देशात इतर ठिकाणीही कोरलेला असल्यामुळे त्यात काय सांगितलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळ जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं, असं राजा म्हणतो. मोठं फळ देणारा विधी वेगळाच आहे : दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान राखणं, मुक्या जिवांवर हात उगारताना स्वतःला आवरणं, श्रमणांना आणि ब्राह्मणांना दान देणं. आणि ही गोष्ट बापाने मुलाला, भावाने भावाला, मित्राने मित्राला सांगावी. काही ठिकाणच्या पाठांत तर शेजाऱ्यानेही ती शेजाऱ्याला सांगावी, असं आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेत शेजाऱ्याला जागा मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

सोपाऱ्याशी जोडलेली दुसरी गोष्ट बौद्ध ग्रंथांत येते. पूर्ण नावाचा भिक्खू सुनापरान्त प्रदेशात राहायला निघतो. बुद्ध त्याला विचारतात, तिथली माणसं तापट आहेत, तुला शिव्या दिल्या तर काय वाटेल? पूर्ण म्हणतो, हात उगारला नाही म्हणजे भलीच म्हणायची. हात उगारला तर? ढेकळं मारली नाहीत म्हणजे भलीच. असं करत करत हा संवाद जीव घेण्यापर्यंत जातो आणि पूर्णाच्या मनातली त्या माणसांविषयीची आपुलकी काही ढळत नाही. ‘दिव्यावदान’ या ग्रंथात हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा व्यापारी आहे. ज्या रस्त्याने आज नालासोपारा स्टेशनकडे रिक्षा धावतात त्याच परिसरातली ही कथा. आपण न निवडलेल्या माणसांमध्ये कसं राहावं, हा प्रश्न या भूमीला नवा नाही.

हे पुस्तक त्याच प्रश्नाविषयी आहे. वसई-विरार भागात राहणाऱ्या काही स्त्री-पुरुषांना ‘तुम्हाला कुणाची माया लागली ते लिहा’ एवढंच सांगितलं होतं. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण लेखक नाहीत. कुणी बागायतदार आहे, कुणी शिक्षिका, कुणी होडीवर जाणारा कोळी, कुणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी देशावरून येऊन इथल्या चाळीत स्थिरावलेला. हातांनी लिहिलेले हे कागद एकामागून एक वाचत गेलो तशी एक गोष्ट ठळक होत गेली. माया म्हटल्यावर जवळपास कुणीही नवऱ्याविषयी, बायकोविषयी, प्रियकराविषयी लिहिलं नव्हतं. देवाविषयीही नाही, आणि तेही घरोघरी देव्हारा किंवा क्रूस असलेल्या भागात. प्रेम आणि भक्ती ही दोन दालनं सगळ्यांनी न सांगता बाजूला ठेवली आणि तिसऱ्याच दारातून आत गेले. ते तिसरं दार कुठलं, याचा विचार या प्रस्तावनेत करायचा आहे.

आगाशीच्या एका बाईंनी लिहिलेला प्रसंग आधी सांगतो, कारण पुढचं सगळं मला त्यावरूनच सुचलं. त्यांच्या घरी राजेळी केळ्यांची सुकेळी करत. पिकलेली केळी सोलायची, अंगणातल्या मांडवावर उन्हात ओळीने पसरायची, दिवस कलला की उचलून झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा पसरायची. आठवडाभर हे चालतं. मधेच पाणी लागलं तर माल काळा पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. शेजारच्या घराशी बांधावरून भांडण झालेलं, दोन वर्षं बोलणं बंद. एका दुपारी घरात कुणी नव्हतं आणि अवकाळी ढग दाटून आले. घरची माणसं धावतपळत परत आली तेव्हा मांडव रिकामा होता आणि सगळी केळी पडवीत टोपल्यांत नीट ओळीने ठेवून वर गोणपाट टाकलेलं होतं. शेजारीणबाई आपल्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बोलणं त्यानंतरही सहा महिने बंदच होतं.

या प्रसंगाला प्रेम म्हणावं का? त्या शेजारीणबाईंना तसं कुणी म्हटलं असतं तर त्या रागावल्याच असत्या. त्यांचा राग खरा होता, बांधावरचा हक्कही त्यांना खराच वाटत होता. तरी दुसऱ्याची केळी भिजताना त्यांना बघवलं नाही. इतकी वर्षं त्या मांडवावरची केळी त्यांच्या डोळ्यांसमोर पिवळ्याची तपकिरी होत आली होती, ती घरातली मुलं त्यांच्याही अंगणात वाढली होती. सहवासाने आत काहीतरी साठलेलं होतं आणि भांडणाने ते आटलं नव्हतं.

प्रेमाला पसंती लागते. शेकडो माणसांतून एक माणूस आपल्याला वेगळा दिसतो, त्याचं बोलणं, त्याची हुशारी, त्याचं हसणं मनात भरतं, आणि मग त्यानेही आपल्याकडे तसंच पाहावं असं वाटतं. ही अपेक्षा प्रेमाचा दोष नाही, तो त्याचा श्वास आहे. एकतर्फी प्रेम म्हणूनच दुखतं. मायेत निवड झालेली नसते. आपण भाड्याने घर घेतो आणि समोरच्या दारात कुणी राहतं, आपण नोकरीला लागतो आणि शेजारच्या टेबलावर कुणी बसलेलं असतं. तो माणूस आपण शोधला नव्हता, शोधला असता तर कदाचित हा निवडला नसता. पण रोज समोर येत राहतो आणि एक दिवस दिसला नाही की चुकल्यासारखं वाटतं. माया लागते ती अशी, आपल्याला न विचारता. म्हणून ती कुठल्या तारखेला लागली हे कुणालाच सांगता येत नाही. या पुस्तकातही एकानेही ते सांगितलेलं नाही.

विरारकरांना याचा पुरावा दूर शोधायला नको. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांसाठीची लोकल सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या गाडीत आणि इतर गाड्यांच्या लेडीज डब्यात तीस वर्षांत किती मैत्र जमलं असेल! एका बाईंनी आपल्या ग्रुपविषयी लिहिलं आहे. डब्यात भाजी निवडली जाते, दसऱ्याच्या आधी डब्याला तोरणं लागतात, कुणाचं डोहाळजेवण होतं. या बायकांना एकमेकींची घरं माहीत नाहीत. काहींची आडनावंही नाहीत. पण कुणाला खिडकीचा वारा सोसत नाही, कुणाला अंधेरीला उतरायचं असतं म्हणून मालाड आलं की दाराकडे वाट करून द्यायची, कुणाची मुलगी यंदा दहावीला आहे, हे सगळं ठाऊक. त्यांच्यातली एक निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी बाकीच्या तिला फलाटावर सोडून गाडीत चढल्या आणि गाडी सुटल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे तिचा फोन नंबरच नाही. कधी लागलाच नव्हता, ती रोज भेटत होती. त्या बाई लिहितात की अजूनही त्या सीटवर दुसरं कुणी बसलं की क्षणभर तिऱ्हाईत बसल्यासारखं वाटतं.

इंग्रजी लेखक सी. एस. लुईस यांनी १९६० साली प्रेमाच्या चार प्रकारांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मायेला पहिलं स्थान दिलं, आणि ते देताना ती चारांतली सर्वांत साधी, नम्र भावना आहे हेही सांगितलं. ग्रीकांकडे तिच्यासाठी वेगळी संज्ञा होती आणि तिचं मूळ आईबाप आणि लेकरं यांच्या नात्यात होतं. लुईस यांचं एक निरीक्षण मला पूर्ण पटतं : माया गुणांची वाट बघत नाही. कंटाळवाणा, चिडका, आपल्याला कुठल्याच बाबतीत न जुळणारा माणूसही तिच्या कक्षेत येतो. आपल्या प्रत्येकाच्या घरात असे एक काका असतात.

भक्तीचं वेगळं. विरारला जीवदानीच्या हजारावर पायऱ्या चढून जाणारा माणूस आपल्याहून फार थोर अशा कुणाकडे निघालेला असतो. रमेदीच्या माउलीच्या सणाला मेणबत्ती लावणारी बाईही तशीच वर पाहते. भक्तीत उंची लागते. कधी त्या उंचीशी करारही होतो. चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला मिळावा म्हणून वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर देवीचं मंदिर उभं राहिलं, असं परंपरा सांगते. नवसाची भक्ती खालच्या प्रतीची असं मी म्हणणार नाही. संकटात सापडलेल्या माणसाने थोरल्या शक्तीपुढे पदर पसरला तर त्यात कमीपणा कसला? पण मायेत नवस नसतो. शेजारीणबाईंनी केळी उचलताना त्या बदल्यात बांध मागितला नव्हता.

भक्तीची एक फार नेमकी व्याख्या तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी केली. आधी देवाच्या थोरवीचं ज्ञान, आणि त्या ज्ञानावर उभा राहिलेला, सगळ्यांहून अधिक असा दृढ स्नेह म्हणजे भक्ती. ही व्याख्या उलगडून पाहिली तर आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे. भक्तीतून थोरवीचं भान वजा केलं की स्नेह उरतो. म्हणजे माया ही भक्तीची धाकटी बहीण नसून तिचा गाभा आहे. आणि आमच्या संतांनी हे जगून दाखवलं. जनाबाईच्या जात्याला विठ्ठल हात लावतो ही कथा लहानपणापासून ऐकलेली. तिच्यात देवाची थोरवी कुठे आहे? ती बाजूला राहिली आहे. एक थकलेली बाई दळते आहे आणि कुणीतरी येऊन खुंट्याला दुसरा हात लावतो. वारकऱ्यांनी विठोबाला माउली केलं ते या जवळिकीसाठीच. महाराष्ट्रातली भक्ती उंचावरून खाली उतरून मायेपाशी येऊन बसली, आणि तिथेच ती सर्वांत गोड झाली असं माझं मत आहे.

ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण केली. बाराव्या अध्यायात भक्तीचं सगळं शास्त्र सांगून झालं, अठरा अध्याय संपले, आणि मग पसायदान मागताना त्यांनी मागण्यांचा जो क्रम लावला तो पाहण्यासारखा आहे. दुष्टांचा दुष्टपणा जावो, आणि लगोलग सर्व प्राण्यांमध्ये आपसांत जिवाची मैत्री व्हावी. आदिपुरुषाच्या भजनाचं मागणं पुढे येतंच, पण मैत्रीचं आधी येतं. हा क्रम सहज पडला असेल असं मला वाटत नाही.

आता मला या सगळ्यातून जे कळलं ते सांगतो. प्रेमाची नजर गुणांवर जाते, भक्तीची थोरवीवर, आणि मायेची नजर जाते ती उणिवेवर. कुणाचं काय कमी आहे ते मायेला आधी दिसतं. पायाला लागलं आहे का, जेवला आहे का, अंगावर पांघरूण आहे का. कळपातलं लंगडं वासरू गुराख्याला सर्वांत जवळचं का होतं, आजीचा जीव शेंडेफळावर का असतो, याचं उत्तर इथे आहे. मायेच्या माणसाचं सगळं बोलणं ‘जेवलास का’ या प्रश्नाभोवती फिरतं. इतर कुठलीही भावना इतक्या बारीकसारीक गोष्टींत राहू शकत नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलं आहे. ताराबाई मोडक या मुंबईत १८९२ मध्ये जन्मल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरीबाईंनी रोममध्ये १९०७ साली गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिली शाळा काढली होती, पण आपल्याकडे ते शिक्षण शहरातल्या सुखवस्तू घरांतच अडकून पडलं. ही खंत घेऊन ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं होतं. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं.

तिथे बालवाडी उघडली तर मुलं येईनात. वारली आईबाप पहाटे मजुरीला जात, मोठी मुलं गुरांमागे जात, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसत. दुसऱ्या कुणी असतं तर या लोकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही म्हणून रिपोर्ट लिहिला असता. या दोघींनी शाळाच उचलून पाड्यावर नेली. वारली घराच्या शेणाने सारवलेल्या अंगणात शाळा भरू लागली आणि ‘अंगणवाडी’ जन्माला आली. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. गुराखी मुलांसाठी कुरणावर शाळा भरली. मुलींच्या कडेवरची भावंडं सांभाळायला शाळेशेजारी पाळणाघर झालं. महागडी परदेशी साधनं परवडणारी नव्हती, तिथे खडे, शिंपले, बिया, पानं आली.

अंगणवाडीचा पहिला धडा बाराखडीचा नव्हता. मुलांचे हातपाय धुणं, नखं काढणं, केस विंचरणं, इथून दिवस सुरू व्हायचा. अनुताई विंचरत असलेलं डोकं परक्याच्या पोराचं होतं. त्या पोराची भाषा वेगळी, जात वेगळी, त्याच्या आईला या शहरी बायकांविषयी भीती वाटायची. त्या मुलात अनुताईंना कुठला विशेष गुण दिसला होता असं नाही, आणि पूज्य असं काही वाटण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्याच्या केसांत जटा होत्या, एवढं दिसलं होतं. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये माकडाच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. तारेच्या आईकडे दूध होतं आणि मऊ कापडाच्या आईकडे काहीच नव्हतं, तरी पिल्लं दिवसचा दिवस कापडाच्या आईलाच बिलगून बसत. भुकेहून स्पर्शाची ओढ मोठी निघाली. कोसबादला हे प्रयोगाशिवाय कळलेलं होतं. फणी हातात घेतल्यावर पोर जवळ बसतं, जवळ बसल्यावर बोलतं, बोलायला लागल्यावर शिकतं.

पण कोसबादचं खरं मोठेपण याच्या पुढच्या पायरीत आहे. मॉन्टेसरी पद्धतीचं सारच असं की मुलाला स्वतःचं स्वतः करता यावं. आज ताईंनी हात धुतले, काही दिवसांनी मूल स्वतः धुवेल, मग धाकट्याचे धुवून देईल. माया उणिवेपाशी जाते हे खरं असेल, तर तिला एक रोगही जडू शकतो : उणीव संपली तर माझं काय काम, या भीतीने माणूस समोरच्याची उणीव जपायला लागतो. मोठ्या मुलाला अजून भरवणारी आई, सुनेला स्वयंपाकघर न सोपवणारी सासू, शिष्याला पुढे जाऊ न देणारे गुरुजी. लुईस यांनीही याच रोगाबद्दल बजावलं आहे. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये, आणि पाड्यांवरच्या बाया शिकून स्वतः अंगणवाड्या चालवू लागल्या. आपली गरज संपावी म्हणून झटणारी माया दुर्मिळ असते. ती या टेकडीवर होती.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या १९४५ साली अनुताई बोर्डीला आल्या त्याच वर्षी मे महिन्यात झरी इथे वारल्यांची परिषद झाली आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्या काळचे कित्येक सावकार आणि जमीनदार ‘आम्ही गड्यांना घरच्यासारखं वागवतो’ असं म्हणत. काहींच्या मनात खरीच माया असेलही. पण फुकट राबवून घेतलेल्या माणसाला सणाला धोतर दिल्याने हिशेब फिटत नाही. मजुरी ही मजुरी आहे आणि हक्क हा हक्क. घरकामाला येणाऱ्या मावशींना घरच्याच मानतो म्हणणाऱ्यांनी त्यांची पगारी सुट्टी कापताना हे आठवावं. न्यायाच्या जागी माया आणून बसवली की ती मालकीहक्काची भाषा बोलू लागते. अशोकाच्या भुईगावच्या लेखात दास-नोकरांशी नीट वागणं सर्वांत आधी आलं, ते योग्यच होतं.

मायेची दुसरी मर्यादा म्हणजे ती आपल्या माणसांपुरती थांबते. जी सहवासातून येते ती सहवास नाही तिथे कशी पोचणार? बायबलने यावर शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा हा उपाय दिला, आणि शेजारी कोण असं विचारल्यावर येशूने चांगल्या शोमरोनीची गोष्ट सांगितली, ज्यात मदत करणारा परक्या, तिरस्कृत जमातीचा निघतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं आयुष्य याच गोष्टीचा वसईकर विस्तार होतं. नंदाखालला १९४२ मध्ये जन्मलेले दिब्रिटो धर्मगुरू, ‘सुवार्ता’चे संपादक, मराठीत ‘सुबोध बायबल’ आणणारे, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. पण वसईने त्यांना लक्षात ठेवलं आहे ते हरित वसई संरक्षण समितीमुळे. वाड्या, विहिरी आणि बावखलं वाचवायला ख्रिस्ती बागायतदार, वाडवळ, कोळी, आदिवासी एकत्र आले. बावखलाला कुणी देव मानलेलं नव्हतं. ते घरामागचं गोडं पाणी होतं, त्यावर रहाट चालायचा, केळी भिजायच्या, मुलं पोहायला शिकायची. भूमीविषयी देशभक्तीची भाषा आपण पुष्कळ ऐकतो. बावखलाविषयी जे वाटतं ते मायेच्या जातीचं, आणि ते बुजवताना पाहून माणूस रस्त्यावर येतो.

२००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. यातले बहुसंख्य लोक बाहेरून आलेले. मुंबईत घर परवडलं नाही म्हणून नालासोपाऱ्याला आले, कोकणातून, देशावरून, उत्तर प्रदेशातून आले. जुने वसईकर आणि हे नवे लोक यांच्यात पाण्यावरून, रस्त्यावरून, भाषेवरून कुरबुरी आहेत. त्या खोट्या नाहीत. वाडी विकून टॉवर उभा राहिलेल्या घराचं दुःख नव्याने आलेल्याला कळत नाही, आणि एका खोलीत सहा माणसांनी राहण्याचं दुःख वाडीवाल्याला कळत नाही. या दोघांनी एकमेकांवर प्रेम करावं अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. एकमेकांच्या देवांची भक्ती करावी असंही कुणी म्हणणार नाही. पण २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, गाड्या बंद पडल्या, तळमजल्यांवर पाणी शिरलं, तेव्हा वरच्या मजल्यांची दारं उघडली गेली. त्या आठवड्याविषयीच्या नोंदी या पुस्तकात सर्वांत जास्त आहेत. एका गृहस्थांच्या घरी खालच्या मजल्यावरचं बिहारी कुटुंब तीन रात्री राहिलं. दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नव्हती. गृहस्थांच्या आईने त्यांच्या तान्ह्या मुलीला तेल लावून शेक दिला. आता ती मुलगी शाळेतून आली की आधी वरच्या मजल्यावर जाते.

माझं ठाम म्हणणं असं की शहर कायद्याने चालतं, पण त्यात राहावंसं वाटतं ते अशा वरच्या मजल्यामुळे. त्यासाठी लागतो तो सहवास, आणि आपण तोच मोडत चाललो आहोत. दारं बंद, लिफ्टमध्ये मान मोबाइलमध्ये, दाराशी आलेलं पार्सल रखवालदाराकडे. नवी इमारत बांधताना जिन्याजवळ चार माणसांना बसायला ओटा ठेवा, असं या पुस्तकातल्या एका वयस्कर गवंड्याने सुचवलं आहे. नगररचनेवरच्या कितीतरी अहवालांपेक्षा मला ही सूचना मोलाची वाटली. माया आज्ञेने लागत नाही, पण ती लागायला जागा ठेवता येते.

वाचकाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. या नोंदींची भाषा जशी आली तशीच ठेवली आहे. कुणी कादोडीत बोलता बोलता प्रमाण मराठीत शिरलं आहे, कुणी वाडवळीत, कुणाच्या मराठीत हिंदी मिसळली आहे. ते सुधारलेलं नाही, आणि वाचतानाही कुणी मनात सुधारू नये.

दुसरी गोष्ट अशी. हे पुस्तक वाचून तुम्हालाही कुणाविषयी लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. दुसऱ्या आवृत्तीत त्याला जागा मिळेल. फक्त ज्याच्याविषयी लिहाल तो माणूस हयात असेल, तर आमच्याकडे पाठवण्याआधी ते त्याला वाचून दाखवा.